बाटलीतले आंबट, भुशाची शेगडी आणि उंबरठ्याबाहेरचे मडके

१/
आजचा धागा एका अमेरिकी पाककृतीविषयी आहे आणि तो गोंदिया जिल्ह्याच्या पूर्व टोकावरील सालेकसा येथे बसून लिहिला आहे. पाककृती सोपी आहे. डुकराच्या खांद्याचा स्वस्त, चिवट तुकडा घ्यावा. त्याला मीठ-तिखट चोळून तो विजेवर चालणाऱ्या मंद आचेच्या भांड्यात ठेवावा. त्यावर बाटलीभर कोला ओतावा. झाकण लावून कामावर निघून जावे. आठ-दहा तासांनी परतल्यावर मांस काट्याने ओढले की त्याचे तंतू सुटे होतात. म्हणून नाव 'पुल्ड पोर्क', ओढून सुटे केलेले डुकराचे मांस. पावात भरले की एका तुकड्यावर मोठे कुटुंब दोन दिवस जेवते. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

२/
आधी भांड्याची गोष्ट. अर्व्हिंग नॅक्सन हे शिकागोतील ज्यू संशोधक. विजेच्या तारेने वेढलेल्या आणि आत भांडे बसेल अशा एका उपकरणाच्या पेटंटसाठी त्यांनी १९३६ मध्ये अर्ज केला. १९४० मध्ये ते मंजूर झाले. मूळ कल्पना त्यांना आईच्या आठवणीतून मिळाली होती. लिथुआनियातील व्हिल्ना हे त्या कुटुंबाचे मूळ. ज्यू धर्मात शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत शब्बाथ पाळतात. त्या काळात विस्तव पेटवायचा नसतो. म्हणून शुक्रवारी दुपारीच घेवड्याचे दाणे, जव, बटाटे आणि मांस घातलेले मडके गावच्या भटारखान्यात पोहोचवायचे. भट्टी विझत विझत रात्रभर ऊब देत राही आणि शनिवारी 'चोलंत' नावाचा तो शिजलेला पदार्थ गरम गरम घरी येई. नॅक्सन यांनी त्या विझत्या भट्टीची जागा विजेच्या तारेला दिली.

३/
कॅन्सस सिटीच्या रायव्हल कंपनीने १९७० मध्ये नॅक्सन यांचा व्यवसाय विकत घेतला आणि १९७१ मध्ये तेच भांडे 'क्रॉक-पॉट' या नावाने बाजारात आणले. नवरा-बायको दोघेही नोकरीला जाणाऱ्या घरांत ते झपाट्याने पोहोचले. ज्या धर्मात डुक्कर सर्वथा निषिद्ध, त्या धर्माच्या विश्रांतीच्या दिवसासाठी जन्मलेली युक्ती. आणि आज त्या भांड्यात सर्वांत आवडीने काय शिजते, तर डुकराचा खांदा! इतिहासाला अशा थट्टेची सवयच आहे.

४/
डुक्कर हा प्राणी मुळात अमेरिकेचा नव्हे. कोलंबसाच्या १४९३ च्या दुसऱ्या सफरीत तो कॅरिबियन बेटांवर उतरला आणि १५३९ मध्ये एर्नांदो दे सोतो या स्पॅनिश सरदाराच्या सैन्याबरोबर फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर आला. दाणा-वैरण न मागता जंगलात स्वतःचे पोट भरणारा आणि एका वेतात अनेक पिले देणारा हा प्राणी दक्षिणेकडील मळ्यांवर फोफावला. खड्ड्यात निखारे पसरून रात्रभर डुक्कर भाजण्याचे कष्टाचे काम गुलाम केलेल्या आफ्रिकी स्वयंपाक्यांकडे असे आणि ते कौशल्यही त्यांचेच. मालकाच्या ताटात पाठीकडचा मऊ भाग जाई. पाय, डोके, आतडी आणि चिवट मांस बाकीच्यांच्या वाट्याला येई. चिवट मांसाला मऊ करायला पैसा लागत नाही, वेळ लागतो. ज्याच्याकडे पैसा नाही तो वेळ घालतो.

५/
आता सोडा. मराठीत या शब्दाने मोठा घोटाळा होतो. खाण्याचा सोडा निराळा, पापडाचा निराळा, गोटीच्या बाटलीतला निराळा. आणि कोकणातल्या माणसासमोर 'सोडे' म्हटले की त्याच्या डोळ्यांपुढे सोलून वाळवलेली कोलंबी येते. ही पाककृती मी प्रथम एका स्नेह्याला सांगितली तेव्हा ते गृहस्थ रत्नागिरीचे असल्याने बराच वेळ डुकरात सुकी कोलंबी कशी लागेल याचाच विचार करीत होते. (वाईट लागणार नाही, असा त्यांचा निष्कर्ष.) येथे अभिप्रेत आहे ते बाटलीतले गोड, फसफसणारे पेय.

६/
पाण्यात वायू कोंडण्याची युक्ती इंग्लंडमधील लीड्स येथे जोसेफ प्रीस्टली यांना १७६७ च्या सुमारास एका दारूभट्टीशेजारी राहत असताना सुचली. १८७२ मध्ये हायरम कॉड यांनी गळ्यात काचेची गोटी अडकणाऱ्या बाटलीचे पेटंट घेतले; तीच आपली गोटी सोड्याची बाटली. अमेरिकेत अशी पेये औषधाच्या दुकानांतून विकली जात. टेक्सासमधील वेको येथे १८८५ मध्ये डॉक्टर पेपर आणि अटलांटात १८८६ मध्ये जॉन पेम्बर्टन या औषधविक्रेत्याने कोका-कोला तयार केला. आपल्याकडून कोका-कोला १९७७ मध्ये निघून गेला, त्याच सुमारास थम्स अप आला आणि १९९३ मध्ये कोका-कोला परतून त्याने थम्स अपच विकत घेतला. आमच्या तालुक्यात आजही लग्नाच्या मांडवात 'थंडा' म्हणजे काळाच हवा असतो.

७/
या पेयाने मांसाचे नेमके काय होते? कोला चांगलाच आंबट असतो. त्याचा सामू साधारण अडीच, म्हणजे लिंबाच्या रसाच्या जवळपास. तो आंबटपणा जिभेला जाणवत नाही, कारण १०० मिलिलिटरमध्ये सुमारे १० ग्रॅम साखर असते. बुडबुडे तर भांडे तापताच उडून जातात. अमेरिकेत अनेकजण सांगतात की कोला मांस 'विरघळवतो'. ते मला पटत नाही. खांद्याच्या स्नायूंभोवती चिवट पांढऱ्या पडद्यांचे जाळे असते. ७० अंशांच्या पुढे ते हळूहळू विरघळून त्याचा चिकट, पौष्टिक रस होऊ लागतो. मांस ९० अंशांच्या आसपास बराच वेळ राहिले की तंतूंना धरून ठेवणारे काही उरतच नाही. हे काम उष्णतेचे आणि वेळेचे आहे. कोला देतो तो रंग, चकाकी आणि आंबट-गोड चव. डुकराच्या चरबीला आंबट हवेच असते. हे जगभर ज्याला त्याला आपापल्या अंगणात कळलेले आहे.

८/
गोव्याचेच पाहा. पोर्तुगीज खलाशी मांस द्राक्षाच्या मद्यात आणि लसणीत मुरवून आणीत. त्यांच्या भाषेत 'कार्ने दि विन्या दालियुश'. गोव्यात द्राक्षे नव्हती, माड होते. माडाच्या सुरेची शिर्का आली, लाल मिरची आली आणि विंदालू तयार झाला. नावातील 'आल्यु' म्हणजे लसूण. पुढे उत्तरेकडील हॉटेलवाल्यांनी तो 'आलू' समजून त्यात बटाटे घातले, हा निराळा विनोद. सोरपोतेल तर शिजवल्या दिवशी खाणे हे अडाणीपणाचे लक्षण समजतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते मुरते. वसई-मुंबईच्या ईस्ट इंडियन घरांत हेच पदार्थ मराठी बोलत रांधले जातात.

९/
त्याहून मागे जावे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असलेला 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातला. त्यातील अन्नभोगाच्या प्रकरणात डुकराच्या मांसाला मानाचे स्थान आहे. केस कसे काढावेत येथपासून वर्णन सुरू होते. अंगावर पांढरे वस्त्र पांघरून त्यावर कढत पाणी ओतावे, किंवा माती लिंपून गवताच्या जाळावर धरावे. मग भाजावे, तुकडे करावेत, सैंधव, मिरी आणि आंबट रस लावावा. राजाच्या ताटातले हे वर्णन वाचताना मी चकित झालो ते पदार्थामुळे नव्हे, तर गवताच्या जाळामुळे. आमच्याकडे आजही डुक्कर तणसाच्या, म्हणजे धानाच्या वाळल्या काडाच्या, जाळावरच भाजून साफ करतात. नऊशे वर्षांत राजवाड्यातून ते आमच्या परसात आले. की आमच्याच परसातून राजवाड्यात गेले होते?

१०/
सालेकसा ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. मुंबई-हावडा लोहमार्गावर गोंदियाहून पूर्वेला निघाले की आमगाव, मग सालेकसा, मग दरेकसा. त्यापुढे डोंगर ओलांडून छत्तीसगड. ही वाट १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने हावड्यापर्यंत नेली. दरेकसाजवळ हाजरा धबधबा आहे आणि कचारगडच्या गुहा आहेत. माघ पौर्णिमेला देशभरातील गोंड बांधव तेथे जमतात. शेती धानाची, जंगल मोह-तेंदूचे, बोली पाच-सहा. मराठीत आम्ही 'डुक्कर' म्हणतो, कन्नडात 'हंदी', तेलुगूत 'पंदी', गोंडीत 'पद्दी'. कानाने ऐकले तरी नाते कळते. तो शब्द येथल्या मातीत मराठीच्या आधीपासून आहे.

११/
आमचे घर गोंडांचे. सगळे गोंड डुक्कर खातात असे मुळीच नाही आणि कधी नव्हतेही. कुळागणिक, गावागणिक चाल बदलते. पण रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांतातील जाती-जमातींच्या चार खंडांत काय किंवा व्हेरिअर एल्विन यांच्या लेखनात काय, नारायणदेवाला डुक्कर वाहण्याचे उल्लेख आहेत. मंडला-बालाघाटकडे या विधीला 'लारू काज' म्हणत. देवाच्या नावाने डुक्कर पाळायचे, त्याला खाऊ-पिऊ घालून वाढवायचे आणि मग लग्नासारखा सोहळा करून त्याचा बळी द्यायचा. हा नारायणदेव घराच्या उंबरठ्याशी वसतो. हे लक्षात ठेवावे, कारण पुढची सारी कथा उंबरठ्याचीच आहे.

१२/
१९३० च्या सुमारास मध्य प्रांतातील गोंडांमध्ये सुधारणेच्या चळवळी पसरल्या. दारू सोडा, डुकरे-कोंबड्या पाळू नका, मग शेजारचे लोक तुमच्या हातचे पाणी पितील, असे सांगितले जाई. माझ्या आजोबांनी अशाच एका सभेत हात वर केला होता. त्या पिढीला नावे ठेवण्याचा मला अधिकार नाही. रोज अपमान गिळणाऱ्या माणसाला मान हवा होता आणि त्याची किंमत म्हणून एक पदार्थ मागितला गेला; त्यांनी तो दिला. मान मात्र ठरल्याप्रमाणे मिळाला नाही. पाणी पिण्याचा प्रश्न होता तेथेच राहिला आणि डुक्कर मात्र घराबाहेर गेले.

१३/
अगदी गेले असेही नाही. आजीने शपथ घेतली नव्हती. बायकांना सभेला बोलावलेच नव्हते. माझे वडील रेल्वेत रूळ दुरुस्त करणाऱ्या टोळीत होते. महिनाअखेरीस मटण परवडत नसे, तेव्हा आई वाडीच्या टोकाला, घराच्या चुलीपासून दूर, तीन दगडांवर एक निराळे मडके चढवी. ते मडके घरात कधीही येत नसे. राखेने घासून ते कुंपणाच्या खुंटावर पालथे घातले जाई. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटे, दृष्ट लागू नये म्हणून ठेवले असेल. मीही लहानपणी बरीच वर्षे तसेच समजत होतो. शाळेत 'काल काय जेवलास' असे कोणी विचारले तर मी 'भात आणि वरण' म्हणत असे. ते खोटे नव्हते, भातही होताच.

१४/
मराठी पाकशास्त्राच्या पुस्तकांत या मडक्याला जागा नाही. माझ्याकडे जुनी-नवी पंधरा-वीस पुस्तके आहेत. मटण आहे, कोंबडी आहे, खेकडे आहेत. डुक्कर आले तर ते गोव्याच्या किंवा चिनी पाककृतींच्या पानावर, पाहुणे म्हणून. शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' २०१५ मध्ये आले. मराठवाड्यातील महार-मांग समाजाच्या चुलीवर काय शिजत होते ते त्यांनी लाज न बाळगता, गौरवाचा आव न आणता लिहून काढले. ते वाचताना मला पहिल्यांदा वाटले की आमच्या वाडीतले मडकेही लिहिण्याजोगी गोष्ट आहे. झाडीपट्टीच्या चुलीवर असे पुस्तक माझ्या पाहण्यात नाही.

१५/
आता वर्तमानाकडे येतो. माझी भाची शिकायला अमेरिकेत गेली. तेथे खोलीतल्या चौघी मिळून आठवड्याचे जेवण एकदम करतात आणि त्यांना सर्वांत स्वस्त पडते ते हेच डुकराचे मांस व कोला. तिने फोटो पाठवला. ताटात, उजेडात, टेबलाच्या मधोमध. खाली लिहिले होते, "मामा, आजीला दाखव."

मी आईला दाखवले. कृती समजावून सांगितली. चिवट मांस, आंबट-गोड पाणी, दिवसभर मंद आच. आईने शांतपणे ऐकले आणि म्हणाली, "हे तं आपलंच होय. फक्त चिंच बाटलीतली आहे."

इतकी अचूक व्याख्या मी कोणत्याही पुस्तकात वाचलेली नाही.

१६/
मग करून पाहायचे ठरले. आमच्याकडे खांदा, बरगडी, मांडी असे भाग निवडून मिळत नाहीत. डुक्कर कापले की मांसाचे 'वाटे' घालतात. प्रत्येक वाट्यात थोडे मांस, थोडी चरबी, थोडे हाड, थोडे कातडे. निवड नाही, पण कोणाला उणेही नाही. दर बकऱ्याच्या मटणाच्या निम्म्याहून कमी. मी सकाळी लवकर जाऊन फऱ्याचा, म्हणजे पुढच्या पायाच्या वरचा, सलग तुकडा मागितला तेव्हा विकणारा हसला. "एका जागचंच काय करता जी?" फऱ्याचे दोन किलो शेवटी मिळाले. कातडे तणसावर भाजलेले, सोनेरी, किंचित धुराच्या वासाचे. अमेरिकेत हा धुराचा वास बाटलीतून विकत घेतात.

१७/
मंद आचेचे भांडे सालेकशात नाही, पण भुशाची शेगडी आहे. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. पत्र्याचा डबा घ्यायचा, तळाशी बाजूला एक भोक पाडायचे. डब्याच्या मधोमध एक बाटली उभी धरायची आणि खालच्या भोकातून एक दांडा आत सरकवून बाटलीच्या बुडाला टेकवायचा. मग भोवती आरागिरणीतला लाकडाचा भुसा हाताने, लाकडाने, शेवटी पायाने दाबून भरायचा. बाटली आणि दांडा अलगद काढून घेतले की उभे-आडवे बोगदे तयार होतात. खालून काडी लावली की भुसा आतून बाहेर जळत जातो. ज्वाळा नाही, फुंकणे नाही. नीट ठासला असेल तर पाच-सहा तास एकसारखी धग. सैल भरला तर तासाभरात भस्सकन खाली बसतो. धानाचा कोंडा मिसळला तर आच आणखी मंद होते, पण धूर वाढतो. प्रमाण हाताला कळते, सांगता येत नाही. गॅस आल्यापासून या शेगड्या अडगळीत गेल्या. माझीही तेथूनच काढली, दुसरी शेजारून आणली.

१८/
दोन मडकी केली. दोहोंत एकेक किलो मांस, मीठ, लसणीचा एकेक गड्डा, आले, सुकी लाल मिरची आणि भाजलेले धणे. पहिल्यात ६०० मिलिलिटर कोला. दुसऱ्यात आईच्या सांगण्याप्रमाणे मूठभर चिंचेचा कोळ आणि दोन मुठी वाळलेली मोहफुले रात्रभर भिजवून गाळलेले पाणी. मोहफुलात साखर भरपूर असते. दारूखेरीज तिचा काही उपयोग असेल हे शहरातल्या माणसाला पटत नाही, आमच्या आज्या मात्र ती उकडून, भाजून दुष्काळात पोरे जगवीत आल्या. झाकणे कणकेने बंद केली. सकाळी नवाला शेगड्या पेटवल्या.

१९/
दुपारी तीनला झाकणे उघडली. दोन्ही मडक्यांत मांस सारखेच झाले होते. हाड बोटांनी धरले की स्वच्छ निघून येत होते आणि तंतू सुटत होते. म्हणजे ते काम कोल्याचे नव्हते, चिंचेचेही नव्हते, भुशाचे होते. चवीत फरक होता. कोल्याचे मांस काळपट, चकचकीत, आरंभी मोहक, पण चौथ्या घासाला गोड वाटू लागणारे. आईच्या मते ते 'पाकात पडल्यावानी'. चिंच-मोहाचे अधिक आंबट, रंगाने फिके. मोहाचा वास ज्याला आवडतो त्यालाच आवडावा असा जड. मी दोन्हींचा रस एकत्र करून तंतूंवर ओतला. निवाडा द्यायचा तर तोच प्रकार मला सर्वांत रुचला. पाव आणला नव्हता, भाताबरोबर खाल्ले. एक सूचना: डुकराचे मांस कधीही अर्धे कच्चे ठेवू नये, त्यात पट्टकृमीचा धोका असतो. सहा तासांच्या या कृतीत तो प्रश्न उरत नाही.

२०/
'स्वस्त' या शब्दाचाही थोडा हिशेब मांडावा. भाचीचे भांडे सुमारे दोनशे वॅटचे. नऊ तासांत १.८ युनिट वीज, तिच्याकडे ती नगण्य. तिच्या देशात डुकराचा खांदा स्वस्त आहे, कारण हजारोंनी डुकरे कोंडून वाढवण्याचे कारखाने आहेत. आमच्याकडे सहा तास गॅस जाळणे परवडणारे नाही; म्हणूनच १९५९ पासून आपल्याकडे तयार होऊ लागलेल्या प्रेशर कुकरने भारतीय स्वयंपाकघर जिंकले. तासाभरात मांस मऊ होते, हे खरे. पण तो रस पातळ राहतो, तंतूंत शिरत नाही. माझी शेगडी फुकट पेटली, कारण आरागिरणीवाला ओळखीचा आहे आणि माझ्याकडे रविवार रिकामा होता. आईकडे रिकामा रविवार कधी नव्हता. ती मडके चढवून रोवणीला जाई आणि येताना त्याच आचेवर ते झालेले असे. अमेरिकेतील जाहिरातींत हीच सोय 'सकाळी लावा, संध्याकाळी जेवा' म्हणून विकली गेली.

२१/
त्या दुपारी घरात माझ्या दोन चुलतभावांची मुले आली होती. नागपुरात शिकतात. तेथील एका खाणावळीत हेच मांस पावात भरून, शेजारी बटाट्याच्या काड्या ठेवून काही शे रुपयांना मिळते, असे त्यांनी सांगितले. त्यांतील एकाने आईला विचारले, "मोठी आई, तू हे आधी कधी खाल्लं होतं का?" आईने माझ्याकडे पाहिले, मग त्याच्याकडे. त्याच्या आजोबांनी माझ्या आजोबांशेजारीच त्या सभेत हात वर केला होता. "खाल्लं बाबू," ती म्हणाली, "तुह्या आजोबानंही खाल्लं. राती, मागून येऊन."

मुलगा जेवायचा थांबला. मग त्याने आणखी भात मागितला.

२२/
भाचीला मी प्रमाण कळवले आहे: अर्धा कोला, अर्धा चिंचेचा कोळ, मोहफुले नसतील तर थोडा गूळ, आणि मीठ शेवटी चाखून. तिने तसे केले आणि खोलीतल्या मैत्रिणींना ते 'गोंडियन पोर्क' म्हणून वाढले. गोंदियाचे की गोंडांचे, हे तिने मुद्दामच मोघम ठेवले असावे.

आम्ही वाडीत नव्हे, पुढच्या छपरीत बसून जेवलो. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिले तर विकत आणलेले नवे मडके आईने स्वयंपाकघरात पाण्याच्या मडक्याशेजारी ठेवले होते. जुने मात्र राखेने घासून कुंपणाच्या खुंटावर, नेहमीच्या जागी, पालथे.

२३/
तुमच्या भागात चिवट मांसाला आंबट काय घालतात ते खाली जरूर लिहा. अंबाडी, बोरे, कच्ची कैरी, आमसूल, ताक, काहीही. आणि ते कुठल्या चुलीवर शिजते, घरातल्या की मागच्या, हेही.